लाल खुणेला बांधलेली दांडी

मी सर्जेरावांच्या जुन्या ट्रकमधली हीटरची दांडी. साऱ्या भोर-वेल्ह्यात हीटर फक्त आमच्या गाडीला, कारण ती पलटणीतून लिलावात निघालेली. मला निळ्या खुणेवर ओढलं की वारा गार, लाल खुणेवर ओढलं की गरम. अख्खा ट्रक बिघडेल पण मी चुकणार नाही, असं मी शेजारच्या हॉर्नला रोज ऐकवायचे. मित्रांनो, माझी ही ऐट अडुसष्टच्या दसऱ्यापर्यंत टिकली.

त्या दिवशी सर्जेरावांची आई, अक्काबाई, गाडी पुजायला आत चढल्या.

"ह्यातलं मुख्य काय रं?"

"समदंच मुख्य," खालून चाक पुसता पुसता सर्जेराव म्हणाले.

अक्काबाईंनी मला निवडलं. लाल म्हणजे कुंकवाचा रंग, म्हणून मला लाल खुणेवर सरकवलं आणि हळकुंडाच्या दोऱ्यानं तिथंच करकचून बांधलं. मी फुगले. खरं तर तेव्हाच मोडून पडायला हवं होतं. पण पूजेचा मान सोडवेना.

दुसऱ्या दिवसापासून केबिनची भट्टी झाली. सावळाराम मिस्त्रीनं रबरी नळी बदलली, पाण्याचा कॉक खोलला, रेडिएटर धुतला. तिसऱ्या दिवशी त्याला दोरा दिसला.

"अवो, दांडीच बांधलीया की! कापू का?"

"हात लावू नगंस. आईनं बांधलाय. फुडल्या दसऱ्याला सुटंल."

"मंग तवर काचा उघड्या ठेवून हिंडा!"

तसेच हिंडलो. मार्गशीर्षात सर्जेरावांच्या धाकट्या भावाचं, दादूचं, लग्न विंझरला ठरलं. निघताना अक्काबाईंनी स्वतः दोन्ही काचा वर केल्या. "हळदीच्या अंगाला वारं लागायचं न्हाई. उघडाल तर बगा!" आणि त्या मागं वऱ्हाडात जाऊन बसल्या.

दादू मधोमध, लोकरीचा कोट घालून, हीटरच्या तोंडाशी. वाटेत चेलाडी फाटा येईपर्यंत त्याची हळद ओघळून धोतरावर आली. मी सगळं बघत होते. विंझरला उतरला तेव्हा तोंड लालबुंद झालं होतं. मुलीचे वडील कुंडलिकराव पुढं आले, त्यांनी दादूच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यागत मागं घेतला.

"पोराला ताप हाय! आजारी नवरा आमच्या गळ्यात मारताय व्हय?"

"ताप न्हाई पाव्हणं, हीटर हाय," सर्जेराव म्हणाले.

"आमी काय येडं हाय? ट्रकात कुटं शेगडी असती?"

मुहूर्ताला पाव तास उरला होता. वाजंत्री थांबली. दादू बाशिंग सावरत खाली मान घालून उभा. त्याच्या लग्नाचा विचका मी केला होता, आणि मला साधं "चुकले" म्हणता येत नव्हतं. मित्रांनो, यंत्राला हळदकुंकू खुशाल वाहा, पण त्याला हलायला जागा ठेवा.

"सोता बसून बगा की!" अक्काबाई कडाडल्या.

कुंडलिकराव चढले. सर्जेरावांनी इंजिन चालू केलं, खाली उतरून बाहेरून दार लावलं. दोन मिनिटांत पाव्हण्यांचा फेटा ओला झाला. त्यांनी दार उघडायला कडी ओढली, ती हातात आली. ते दोन्ही हातांनी काच बडवायला लागले, जोरजोरात मान हलवायला लागले.

"पटलं! पटलं म्हणत्यात!" सर्जेराव ओरडत मांडवाकडं पळाले. वाजंत्री सुरू झाली.

लग्न मुहूर्तावर लागलं. मुलीचे वडील केबिनमध्येच होते.