काट्यात नसलेला ऊस

आधीच सांगतो, मी चोर न्हाई. माझी गाडी ओव्हरलोड होती, ही गोष्ट खरी. पण उसाची कुठली गाडी ओव्हरलोड नसती, एक दाखवा. दाखवलीत तर तिच्या टायरापुढं नारळ फोडतो.

मी बिरदेव, निमोण्याचा. आमच्या आज्यानं मेंढरं हाकली, मी बापूसाहेबांचा ट्रक हाकतो. मेंढरं बरी, ती मालकानं सांगितलं म्हणून पाठीवर जादा वजन घेत न्हाईत. बापूसाहेब म्हंजी गावातले मोठे बागायतदार, ट्रकांचे मालक आन् वर काटा संघर्ष समितीचे अध्यक्ष. दौंड तालुक्यातला नवसृष्टी कारखाना काटा मारतो, म्हणून ही समिती. ट्रकमधी ऊस असतो जास्ती, कारखान्याचा वजनकाटा दाखवतो कमी, आन् शेतकऱ्याला बिल मिळतं त्या कमीचं. राहिलेल्या उसाचीबी साखर होतीच की! फक्त कागदावर त्यो ऊस जन्मालाच आलेला नसतो.

यंदा बापूसाहेबांनी बेत केला. ट्रक आधी वरवंडच्या खाजगी काट्यावर मोजायचा, पावती घ्यायची, मग कारखान्यात मोजायचा. फरक दिसला की बापूसाहेब मोबाईलवाला पत्रकार घिऊन हजर. पण ऊस कुणाचा? स्वतःचा घातला आन् कारखान्यानं पुढच्या साली ऊसतोडच दिली न्हाई तर काय करता? म्हणून कुशाबाईचा ठरला. कुशाबाई म्हंजी एकटी बाई, दीड एकर ऊस, आन् जीभ पंचवीस एकरांची.

"माझा ऊस जातोय तर मीबी जाणार," म्हणाली, आन् चढली की केबिनीत. न्हावरा येईस्तवर तिनं माझ्या गाडीच्या सीटपासून माझ्या मिशीपर्यंत सगळ्याला नावं ठेवली. वर आपल्या फडक्यातली भाकरी आन् ठेचाबी मलाच खाऊ घातला. वरवंडच्या काट्यानं दाखवलं, गाडी कायद्यापेक्षा दोन टन जादा. ती पावती तिनं घडी घालून पानाच्या पिशवीत ठिवली.

कारखान्याच्या रांगेत लागलो आन् बापूसाहेबांचा फोन. "बिरू, घोटाळा झाला. काट्यावर आरटीओच्या मॅडम उभ्या हायत. जादा माल दिसला की मालकाला दंड आन् ड्रायव्हरचं लायसन तीन महिने बंद. ती वरवंडची पावती फाड. न्हाईतर गिळून टाक!"

पुढं ट्रक, मागं ट्रक, वळायला जागा न्हाई. तीन महिने म्हंजी आख्खा हंगाम. लायसन हाय तवर मला लोक ड्रायव्हरसाहेब म्हणत्यात. ते गेलं की मी नुसता बिऱ्या, घरी खुर्ची उबवत बसलेला. आन् पावती कुशाबाईच्या पिशवीत, सुपारीखाली.

गाडी काट्यावर घेतली. काचेमागं सत्यजीत बसला होता, कारखान्याचा काटा क्लार्क, शर्टाला कडक इस्त्री. मॅडम शेजारी उभ्या. आकडे फिरले, फिरले आन् थांबले. गाडी कायद्यात! एक किलो जादा न्हाई. दोन टन ऊस त्या काट्यानं उभ्या उभ्या गिळला होता. खरं सांगतो, त्या दिशी पहिल्यांदा मला त्या काट्याच्या पाया पडावं वाटलं.

सत्यजीतनं पावती छापली. "मॅडम, आमचा काटा अचूक आहे. सील बघून घ्या."

तवर बापूसाहेब गाडीतनं उतरून पळत आले. "एकदम अचूक! ह्या काट्यावर माझा पुरा विश्वास हाय!"

आयला! ह्याच माणसानं मागल्या सोमवारी न्हावऱ्याच्या चौकात ह्याच काट्याची तिरडी काढली होती. मी खांदा दिला होता. बरोबर आलेल्या पत्रकारानं मोबाईल गपचिप खिशात घातला.

सगळं गोडीगुलाबीत मिटत आलं होतं. तेवढ्यात केबिनीचं दार वाजलं आन् कुशाबाई खाली उतरली.

"आन् माझं दोन टन कुठं गेलं रं?"

पिशवीत हात घालून तिनं पावती काढली आन् मॅडमच्या हातात दिली. मॅडमनी एक पावती बघितली, दुसरी बघितली. "गाडी तीच, ऊस तोच, आणि वजनं दोन. खरं कुठलं?"

"कारखान्याचं," सत्यजीत म्हणाला.

"कारखान्याचंच," बापूसाहेब म्हणाले.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "गाडी तुम्ही चालवत आणलीत. तुम्ही सांगा."

बापूसाहेब माझ्या कानाला लागले. "तोंड सांभाळ बिरू. म्हातारीच्या दोन टनांनी काय आभाळ कोसळतंय?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. उन्हातान्हात खुरपून बाईनं ऊस वाढवला, तिचीच भाकर माझ्या पोटात, आन् ह्यांना आभाळाची चौकशी! तरी भ्या वाटत होतं, खोटं कशाला बोलू? लायसन खिशात होतं, त्यावर हात ठिवूनच बोललो.

"मॅडम, वरवंडचा काटा खरा. पारगावच्या पुलावर गाडी रडत चढली. दोन टन जादाच हाय."

मॅडमनी लगेच लिहायला घेतलं. मालकाला दंड. माझं लायसन घेतलं. मी म्हणालो, "म्हंजी कारखान्याचा काटा खोटा. तेबी लिहा की."

"तो विषय वजनमापे खात्याचा. तिकडे तक्रार करा."

"आवो, पण वजन तर एकच—"

"तुमच्यापुरतं वरवंडचं वजन खरं. कारखान्यापुरतं कारखान्याचं."

घ्या! दंड खऱ्या वजनावर, बिल खोट्या वजनावर. इतका राग आला की हसूच फुटलं.

मग मॅडमचा हुकूम झाला, जादा माल इथंच उतरवा. मजुरांनी दोन टन ऊस उतरवून काट्याशेजारी ढीग घातला. ट्रक आत गेला, रिकामा होऊन आला. सत्यजीतनं मजुरांना हाक मारली. "ए, तो ढीग पण आत टाका. गाळपाला घ्या."

मजूर वाकले, तर कुशाबाई पदर खोचून ढिगावर चढून बसली.

"हात लावायचा न्हाई!"

"मावशी, हा ऊस कारखान्याचा आहे. पावती झाली," सत्यजीत म्हणाला.

"तुझी पावती वाच. त्यात जेवढा लिवलाय तेवढा ट्रकमधनं आत गेला का न्हाई?"

"गेला."

"मग ह्यो कुठला?"

सत्यजीतनं पावतीकडं बघितलं, ढिगाकडं बघितलं, परत पावतीकडं बघितलं.

"ह्यो ऊस कारखान्याचा म्हणत असशील," कुशाबाई म्हणाली, "तर मॅडमम्होरं म्हण, काटा दोन टन खातो म्हणून. आन् काटा खरा असंल, तर हितं ऊसच न्हाई. मी हवेत बसलीय. जा तिकडं!"

मजूर खो खो हसत सुटले. मॅडमनी तोंडापुढं फाईल धरली. बापूसाहेब पुढं झाले. "कुशाबाई, ह्यो ऊस समितीचा पुरावा म्हणून—"

"तुमचा तर काट्यावर पुरा विश्वास हाय न्हवं?"

बापूसाहेब गाडीत जाऊन बसले. कुशाबाईनं ढिगावरनंच लेकीला फोन लावला. लेक स्वप्नाली पाटसला हायवेवर रसवंती चालवती. तिनं ट्रॅक्टर धाडला, आन् नसलेला ऊस राजरोस गेटातनं भाईर पडला.

बापूसाहेबांनी मला कामावरनं काढलं आन् समितीतनंबी. बायको म्हणाली, खरं बोलायची हौस भागली का? ट्रकचा हॉर्न ऐकला की जीव तुटत होता. दुसऱ्या दिशी कुशाबाई दारात. "बिरू, चरकाला लायसन लागतं का रं?"

"न्हाई आत्या."

"मग ऊठ की मुडद्या, बसलायस काय!"

तवापासनं मी पाटसला रस काढतो. परवा भर दुपारी एक गिऱ्हाईक आलं. इस्त्रीचा शर्ट घामानं भिजलेला. बघतो तर सत्यजीत. त्यानं मला वळखलं न्हाई. मी आलं-लिंबू घालून ग्लास भरला, पण दोन बोटं मोकळी ठिवली.

त्यानं ग्लास उचलून बघितला. "अहो, हा कमी आहे. पैसे पूर्ण ग्लासाचे घेता ना?"

"ग्लास अचूक हाय साहेब," मी म्हणालो. "तक्रार असंल तर ते खातं दुसरं."

तवा कुठं त्यानं मान वर करून माझ्याकडं नीट बघितलं. मागं कुशाबाई सुपारी कातरत बसली होती, तिच्याकडंबी बघितलं. मग गुमान रस पिला आन् पुरे पैसे देऊन गेला.