फाटकाचा दांडा अडून बसतो

मित्रांनो, मी एका फाटकाचा जुना लोखंडी दांडा आहे. माझ्या एका टोकाला दगडांनी भरलेलं पिंप आहे आणि दुसऱ्या टोकाला दोरी. दोरी सोडली की मी वर, ओढून बांधली की खाली. लाल-पांढरे पट्टे ताजे होते तेव्हा मी भलताच ऐटीत असे. आता बिजागरीला गंज चढलाय आणि येणारा-जाणारा मला नावं ठेवतो.

माझ्यामागे कुरंगांसाठी राखलेला माळ आहे. कुरंग हरणासारखे दिसतात, पण त्यांची शिंगं गळत नाहीत. त्यांना उंच गवत लागतं, कारण आई पाडसाला गवतात लपवून चरायला जाते आणि दूध पाजायला परत येते. तोवर पाडस हूं की चूं करत नाही. पण माळातून डांबरी रस्ता झाला, हौशी मंडळी वाढली आणि फोटोसाठी गाड्या रस्ता सोडून गवतात घुसू लागल्या. गवत भुईसपाट झालं. उरला रस्त्याकडेचा एक पट्टा, आणि आया तिथेच पाडसं लपवू लागल्या. मला याचा राग येतो, तो मी कशाला लपवू?

फाटक सांभाळणाऱ्या बाईंना सगळे आक्का म्हणतात. एका सकाळी माळातून एक गाडी परत आली. मागे बसलेल्या मुलीच्या मांडीवर टॉवेल होता आणि टॉवेलात पाडस.

"एकटंच पडलं होतं हो," मुलीचे वडील म्हणाले. "आईनं टाकलेलं दिसतंय. दवाखान्यात नेतोय."

"टाकलेलं नाही, लपवलेलं," आक्का म्हणाल्या. "उचललंत तिथेच नेऊन ठेवा. बाटलीच्या दुधावर यातली फारशी जगत नाहीत."

"आम्ही जीव वाचवतोय आणि तुम्ही अडवताय? तक्रार करीन!"

"खुशाल करा. फाटक उघडणार नाही."

आक्कांनी माझ्यावर दोन्ही हात रोवले. नोकरीची काळजी त्यांनाही होतीच. वडिलांनी तावातावाने दोरी सोडली आणि पिंपावर सगळा भार टाकला. मी अडून बसलो! ज्या गंजापायी आयुष्यभर बोलणी खाल्ली, तोच कामी आला. मी तसूभरही हललो नाही.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, आपण निघालो तेव्हा एक कुरंग गाडीमागे धावत आला होता. ती याची आई असेल का?"

वडिलांचे हात पिंपावरून खाली आले. त्यांनी गाडी वळवली, आक्काही सोबत गेल्या. पाडस गवतात ठेवून सगळे माझ्यापाशी परतले आणि दूरवर बघत उभे राहिले. बऱ्याच वेळाने एक मादी आली. थबकली, पुन्हा पुढे झाली. पाडस धडपडत उठलं आणि तिला लुचू लागलं. मुलगी रडू लागली. वडिलांनी आक्कांना हात जोडले. तक्रार काही झाली नाही.

आता बटणावर उघडणारं नवं फाटक येतंय. मला भंगारात टाकणार होते, पण आक्का हटून बसल्या. जिथून गाड्या रस्ता सोडून माळात घुसतात, तिथेच मला आडवा रोवणार आहेत.

मित्रांनो, माळावर एकटं पाडस दिसलं तर हात लावू नका, हळूच मागे फिरा. तुम्ही कधी जाताय याची त्याची आई वाट बघत असते. आणि गाडी घेऊन गवतात शिरायचं मनात आलंच, तर वाटेत मी आहे. मला अडून बसायची जुनी सवय आहे.