तारेचं दुसरं टोक

मोठ्या बाई शेवटच्या बाकावर येऊन बसल्या आणि वर्ग सावरून बसला. चौथीचा प्रयोगाचा तास ठेवायचा की त्या जागी सुलेखन घालायचं, हे त्या आज ठरवणार होत्या. "मुलं नुसती खेळतात," असं त्यांचं म्हणणं. मुलांनाही ते माहीत होतं.

मी खिळ्यावर तांब्याची तार गुंडाळली, तिची टोकं सेलला लावली आणि खिळा टाचण्यांच्या ढिगात खुपसून बाहेर काढला. एकही टाचणी चिकटली नाही.

"ताई, तुमचा चुंबक उपाशीच राहिला की!" वर्गातला बडबड्या, आमचा वटवट्या म्हणाला.

सगळे खो खो हसले. मोठ्या बाईंनी घड्याळ पाहिलं. काय चुकलंय ते माझ्या लगेच लक्षात आलं होतं. पण मी सांगितलं असतं तर मुलांना एवढंच कळलं असतं, की ताईंना सगळं येतं.

"शोधा," मी म्हटलं.

"सेल मेला असेल." छोटा बल्ब लावून पाहिला. पेटला.

"मग खिळाच भिकार!" साधा चुंबक जवळ नेला. खिळा टकन चिकटला.

"म्हणजे उरली तार," भिंगरी म्हणाली. ही पोर एका जागी कधी बसायची नाही. तार घेऊन ती खिडकीशी गेली. "ताई, हिला काहीतरी फासलंय."

"वार्निश. वीज एका वेढ्यातून शेजारच्या वेढ्यात घुसू नये म्हणून."

"पण मग ती तारेत तरी शिरणार कशी?"

मी पॉलिशपेपर पुढे केला. तिने एक टोक खसाखसा घासलं. तरी काही नाही.

"अहो, आता सांगून टाका ना," मोठ्या बाई मागून म्हणाल्या.

"मुलं सांगतील, बाई."

वटवट्या तारेची दोन्ही टोकं निरखत होता. मग एकदम ओरडला, "अगं वेडे, आत जायचं दार उघडलंस, वीज बाहेर कुठून पडणार?"

भिंगरीने दुसरं टोक घासलं. खिळ्याने टाचण्यांचा झुपकाच उचलला. तार सेलपासून सोडवताच टाचण्या खळकन पडल्या.

"आता यांना कोणी ओढलं?" मी विचारलं.

"पृथ्वीने!" अख्खा वर्ग.

मोठ्या बाई पुढे आल्या. त्यांनी स्वतः तार जोडली, सोडली, पुन्हा जोडली.

"फार वेळ धरू नका हं, तापते ती," भिंगरीने त्यांना दटावलं.

घंटा झाली तरी त्या हलल्या नाहीत. "आणखी वेढे घातले तर जास्त उचलेल का हो?"

"पुढच्या आठवड्याच्या तासाला करून बघू," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग हसल्या.

"बघू. तार जास्त आणा."