हिरव्या रंगाखालची पांढरी अक्षरं

मित्रांनो, मला जवळून पाहिलंत तर माझ्या एका कुशीवरचा रंग खरवडलेला दिसेल. बाकी सगळं अंग हिरवं, तेवढीच जागा काळी, आणि त्या काळ्यावर पांढरी अक्षरं. पलटणीतल्या एका शिपायाची मी जुनी पत्र्याची ट्रंक. झाकण आता धड बसत नाही, एक कडी तुटली आहे, पोटातून डांबरगोळ्यांचा आणि ओल्या लोकरीचा वास येतो. मला एकाच माणसाची गोष्ट ठाऊक आहे. पण ती माझ्या अंगावर लिहिलेली आहे, म्हणून मीच सांगते.

हातोड्यांच्या कल्लोळात माझा जन्म झाला. पत्रा कापला, वाकवला, कोपऱ्यांवर खिळे ठोकले आणि मला काळ्या रंगात न्हाऊ घातलं. मग एका सकाळी एक सडपातळ तरुण मला खांद्यावर टाकून बराकीत घेऊन गेला. त्यानं माझ्यात दोन सदरे, एक कंगवा आणि आईनं दिलेली चादर ठेवली, आणि झाकण असं हळू लावलं की जणू आत कुणी झोपलंय. तेव्हापासून मी त्याची.

पलटणीची एक रीत आहे, मित्रांनो. शिपाई कुठं निघाला की अक्षरांचा कापीव साचा ठेवून त्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं खूण करायची. नाव, तुकडी, जहाज, बंदर. गर्दीत माणूस हरवला तरी सामान हरवू नये म्हणून. माझ्या कुशीवर अशी अक्षरं उमटली तेव्हा मला नवी साडी नेसल्यासारखं वाटलं होतं.

समुद्रापलीकडे लढाई चालली होती, आणि उघडेबोडके डोंगर होते. माझा शिपाई खेचरांच्या तुकडीत होता. डोंगरावरच्या ठाण्यावर पाणी पोचवायचं, हे त्याचं काम. त्याच्या खेचराला सगळे मावशी म्हणत, कारण ते चालताना सारखं मागं वळून बघे, पोरं नीट येतायत ना म्हणून. मी खाली तंबूत असे, त्यामुळे जे घडलं ते मी पाहिलेलं नाही. एवढं ठाऊक आहे की एक दिवस वाटेवर तोफांचा मारा चालला होता, वर माणसं तहानेनं मरत होती, आणि हे दोघं पाणी घेऊन निघाले. पाणी पोचलं. परत एकटा तोच आला. हातात मावशीचा लगाम होता, आणि तो त्यानं ताप चढून बेशुद्ध होईपर्यंत सोडला नाही.

रुग्णालयाच्या तंबूत एका मोठ्या साहेबानं त्याच्या पांघरुणाला पदक टोचलं. पदकाच्या कडेवर नाव मागाहून कोरू, म्हणाले. ते राहूनच गेलं. मग आजाऱ्यांच्या जहाजातून आम्ही परतलो. तो वर खाटेवर, मी खाली काळोखात. माझ्या कुशीवर त्या जहाजाचं नावही चढलं.

पलटण अजून पलीकडेच होती. तिचे कागदही तिच्याबरोबर. इकडे बंदराजवळच्या छावणीत तो बरा झाला आणि तिथूनच त्याला सेवामुक्त केलं. सेवामुक्तीच्या दाखल्यासाठी टंकलेखन यंत्रासमोर भली मोठी रांग होती. मी त्याच्या पायाशी. कारकुनाकडे फक्त त्या छावणीचं रजिस्टर होतं. शिपाई कुठून आला ते त्यात नव्हतं. 'परदेशी सेवा' या रकान्यात त्यानं टंकलं, 'नाही'. 'पदके', 'नाही'.

"कर सही. गाडी सुटेल तुझी."

"एकदा वाचू का?"

"वाचून काय करणार? तुझंच आयुष्य आहे, तुला ठाऊकच आहे."

रांगेतले सगळे हसले. तोही हसला. आणि 'वरील सर्व बरोबर आहे' या ओळीखाली त्यानं छान वळणदार सही केली. त्याला घरी जायचं होतं, मित्रांनो. घरी जायच्या घाईत कोण रकाने वाचतं?

घरी माझे दिवस बरे गेले. त्याचं लग्न झालं. दर थंडीच्या आधी त्याची बायको माझं झाकण उघडी, लोकरीचा कोट उन्हाला घाली, पुन्हा घडी करताना गुणगुणे:

*घडीवर घडी घालू, कोट लोकरीचा जाड,*
*कुठं कुठं गेला होता, सांग दर्याच्या पल्याड.*

कोट काही सांगत नसे. पण तिला कागद लागत नव्हता. बाहीला नाक लावलं की तिला सगळं कळे. त्यांची लेक माझ्यावर बसून पाय हलवत विचारी, "बाबा, मावशी किती उंच होती?" आणि तो उभा राहून आपल्या खांद्याला हात लावून दाखवी.

मग तो दिवस आला. गावातल्या चौकात लढाईवर गेलेल्यांसाठी एक दगड उभारला होता आणि त्याच्या समारंभाला जुन्या सैनिकांना बोलावलं होतं. त्यानं पदक घासूनपुसून कोटावर लावलं आणि लेकीचं बोट धरून निघाला. पुढचं मी नंतर ऐकलं. पुढच्या रांगेत बसवण्याआधी माजी सैनिकांच्या संघटनेच्या चिटणीसानं सगळ्यांचे दाखले पाहिले. याचा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि चारचौघांत वाचला.

"परदेशी सेवा नाही. पदकं नाहीत. काका, हे कुठून आणलंत? बाजारात मिळतात हो असली. काढून ठेवा. चहा घेऊन जा मात्र."

"मी गेलो होतो."

"असेल. पुरावा आणा."

दोघं घरी आले. उंबऱ्याशी लेकीनं विचारलं, "बाबा, तुम्ही खोटं सांगत होतात?" लहान होती हो ती. शाळेतल्या मैत्रिणी तिथं होत्या, त्या हसल्या होत्या.

पुरावा तर मीच होते. माझ्या कुशीवर अख्खा प्रवास लिहिलेला होता. मला वाटलं, आता हा मला उचलेल, चौकात नेईल, त्या चिटणीसासमोर धाडकन आपटेल. तो आला खरा माझ्याजवळ. त्याच्या हातात दाराला लावून उरलेल्या हिरव्या रंगाचा डबा होता.

बायको म्हणाली, "अहो, हे काय करताय?"

"गंजतेय ती."

मी गंजत नव्हते. त्यानं एक हात दिला, वाळू दिला, मग दुसरा दिला. जहाजाचं नाव गेलं, तुकडी गेली, बंदर गेलं. शेवटी त्याचं नाव उरलं. त्यावरून त्यानं ब्रश फिरवला तेव्हा माझ्या पत्र्याला थंडी वाजली. पदक कोटाच्या खिशात गेलं, कोट माझ्या पोटात, आणि डोंगराची गोष्ट त्या घरात पुन्हा कुणी काढली नाही.

त्यानंतर माझी वर्षं तशीच गेली. माझ्यावर शिलाई मशीन आलं, मग रद्दी, मग पाण्याचा पिंप. पिंप गळे. गुणगुणणारी एक दिवस गेली. तेव्हापासून कोटाला ऊन लागलं नाही. लेक मोठी झाली, बसमध्ये कंडक्टर झाली, जिभेला धार आली. बाप म्हातारा झाला आणि छातीतून शिटी वाजवत श्वास घेऊ लागला.

एका सुट्टीच्या दुपारी लेकीनं पिंप हलवला. आता मी खरोखरच गंजले होते. रंगाला फुगे आले होते. ती काचपेपर घेऊन खरवडायला बसली. हिरवा पापुद्रा निघाला, खाली काळा लागला, आणि काळ्यावर एक पांढरं अक्षर. मग दुसरं. तिचा हात हळू चालू लागला, जखमेवरची पट्टी सोडवावी तसा.

"बाबा," ती म्हणाली, "हे जहाजाचं नाव आहे."

खाटेवर त्यानं मान वळवली.

"तुमचं नाव आहे इथं. बंदर आहे. बाबा, हे झाकलं कुणी?"

"मी."

"का?"

"राग आला होता. ज्यांच्यासाठी गेलो, ते विचारतात गेला होतास का. म्हटलं, माझ्या शब्दाला ट्रंकेची साक्ष लागत असेल तर नकोच ती साक्ष." श्वास घ्यायला तो थांबला. "त्यांचं सोड. तू विचारलंस ना, ते लागलं."

काचपेपर तिच्या हातातून गळून माझ्या झाकणावर पडला. तिनं तोंड फिरवलं. मग काचपेपर उचलून म्हणाली, "दाखला दुरुस्त करून घ्यायचा. आता माझी पाळी."

"या वयात काय करायचाय दाखला?"

"तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठी."

अर्ज गेला. उत्तर आलं, कागदोपत्री पुरावा जोडा. तेव्हा तिनं मला हातगाडीवर घातलं आणि थेट सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात नेलं. जिन्यावरून मला वर ओढताना सगळी इमारत दणाणली. टेबलामागे जाड चष्म्याचा कारकून होता.

"बाई, अर्जाला कागद जोडायचा असतो. ट्रंक नाही."

"आमचा कागद जरा जाड आहे. वाचा."

"हे बघा, दाखल्यावर त्यांची स्वतःची सही आहे. सर्व बरोबर म्हणून."

"साहेब, मी रोज फुकटे पकडते. तिकीट नाही आणि प्रवास चाललाय. माझा बाप उलटा आहे. प्रवास केला, परत आला, आणि तुम्ही त्याला तिकीटच दिलं नाहीत."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. चष्मेवाला मात्र खुर्चीवरून उठला, माझ्याशेजारी जमिनीवर बसला आणि बोट फिरवत अक्षरं उतरवून घेऊ लागला. वाईट माणूस नव्हता तो. फक्त त्याला आजवर कुणी खाली बसवलं नव्हतं.

जहाजाच्या नावावरून आजाऱ्यांची यादी सापडली. यादीत माझा शिपाई होता. पदकाची नोंद मात्र पलटणीच्या हुकुमांत होती, आणि ते कुठल्या कोठारात पडले होते कुणालाच माहीत नव्हतं. म्हाताऱ्याला जिना चढवत नाही म्हणून चष्मेवाला दुरुस्त दाखला घेऊन स्वतः घरी आला.

"काका, मोठं काम झालं. परदेशी सेवा लागली. इथं सही करा."

म्हाताऱ्यानं आपला चष्मा मागितला. खाटेवर उठून बसला आणि कागद नाकाशी धरून एकेक रकाना वाचू लागला, प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून. चहा निवला.

कारकून हसून म्हणाला, "सगळं ठीक आहे हो. एवढं काय वाचताय?"

"माझंच आयुष्य आहे. म्हणून वाचतोय."

बोट एका ओळीवर थांबलं. 'पदके', 'नाही'.

"हे बरोबर नाही."

"त्याचे कागद सापडत नाहीत ना. एवढ्यावर सही केलीत तर प्रकरण आजच मिटेल. नाही केलीत तर सगळंच पुन्हा वर जाईल. किती दिवस लागतील, मी सांगू शकत नाही."

लेक बापाकडे बघत होती. त्याच्या छातीतली शिटी मला ऐकू येत होती. दिवस फार नाहीत, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं, मलासुद्धा.

"बाबा, करा सही," ती हळूच म्हणाली.

"एकदा न वाचता केली. आता वाचून चुकीची करू? पाणी वर गेलं होतं. मावशी तिथं पडली. तिचं नाव तुमच्या कागदात येणार नाही, ते मला कळतं. पण तिथं 'नाही' लिहिलेलं राहिलं तर ती तिथं नव्हतीच, असं होतं." त्यानं पेन परत केलं. "घेऊन जा."

थंडी आली. तिनं कोट काढून त्याच्या पायांवर घातला. तो दारात पावलं वाजली की मान उचले, आणि पावलं पुढं गेली की खाली ठेवी. पुढं पुढं मान उचलेनासा झाला. एका पहाटे छातीतली शिटी थांबली, आणि घर इतकं शांत झालं की माझ्या पत्र्याचा कडकड आवाज मलाच मोठा वाटला.

खाट उभी करून भिंतीला टेकवली होती तेव्हा चष्मेवाला पुन्हा आला. दारातूनच म्हणाला, "सापडलं! काका, हुकूम सापडला." मग त्याला खाट दिसली. तो तिथंच थांबला.

लेकीनं कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला, भिंतीला ऐकू जाईल असा. परदेशी सेवा, आहे. पदक, आहे, शौर्यासाठी. खाली ओळ होती, 'वरील सर्व बरोबर आहे'. तिच्याखाली कोरी चौकट.

कारकून खाली बघत म्हणाला, "वारसाची सही चालते."

"माझी बाजूला घ्या," ती म्हणाली. "ही चौकट त्यांची आहे. राहू दे रिकामी."

मित्रांनो, ते दोन्ही कागद आता माझ्या पोटात आहेत, कोटाच्या घडीखाली. कोटाला पदक लावलेलं आहे. खोट्या कागदावर त्याची सही आहे, सुबक, वळणदार. खऱ्या कागदावर नाही.

लेकीनं मला पुन्हा रंग दिला नाही. ती माझ्यावर पिंपही ठेवत नाही. थंडीच्या आधी झाकण उघडते, कोट उन्हाला घालते आणि आईचं गाणं म्हणू पाहते. दुसऱ्या ओळीशी थांबते आणि पहिलीच पुन्हा म्हणते.

माझं एवढं ऐका. तुमच्या घरी माझ्यासारखं काही जुनं असेल आणि त्याला रंग द्यायचं ठरलं, तर आधी त्याच्यावरून हात फिरवा. खाली काही लिहिलेलं असेल तर वाचा, आणि ज्याचं असेल त्याला विचारा. आजच विचारा. तो समोर बसलेला असतो तोवर सही एका क्षणात होते. नंतर सगळे कागद बरोबर येतात, आणि पेन कुणाच्या हातात द्यावं हेच कळत नाही.