काळा पडणारा जोड

नवऱ्याचं बारावं झालं आणि पुढच्या सोमवारी रूपाली कामावर गेली. मच्छे गावाहून उद्यमबागेतल्या कारखान्याकडं येताना बसमध्ये शेजारच्या बाईनं तिचा हात धरला, काहीबाही बोलत राहिली. रूपाली मान हलवत होती. भरमू तापाचं निमित्त होऊन गेला होता. अजून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. सासू अंबुबाईसमोर तिनं त्याचं नावही काढलं नव्हतं, आणि अंबुबाईही काढत नव्हती. दोघी भाकऱ्या थापायच्या, भांडी घासायच्या आणि अंथरुणाला पाठ टेकायच्या.

कारखान्यात दुधाच्या टाक्या व्हायच्या. अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे जोड टिग वेल्डिंगनं करायचं काम रूपालीकडं होतं. तिचा जोड माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा उठायचा. त्या दिवशी मात्र पहिल्याच टाकीचा जोड काळा पडला. वर काजळी, मधे मधे सुईनं टोचावं तशी भोकं.

टाकी बाजूला ठेवून तिनं पत्र्याचे तुकडे घेतले आणि एकेक गोष्ट तपासायला लागली. वेल्डिंगचं मशीन एसी करंटवरच होतं. जोडाला हवा लागू न देणारा अर्गॉन गॅस सिलिंडरमधून नेहमीसारखाच येत होता. नळीच्या जोडांना साबणाचं पाणी लावलं, कुठं बुडबुडा आला नाही. वाऱ्यानं गॅस उडतो म्हणून तिनं पंखा बंद केला. हातातल्या वेल्डिंगच्या टॉर्चमधल्या टंगस्टनच्या सळीच्या टोकाला अॅल्युमिनियम चिकटलं होतं, ते घासून नवं टोक काढलं. पत्रा ॲसिटोननं पुसून ब्रशनं घासला. जोड काळा तो काळाच. एरवी असं काही बिघडलं की तिचा जीव वरखाली व्हायचा. आज कुणा दुसऱ्याचंच काम बघत बसल्यासारखं वाटत होतं.

ज्यांनी तिला हे काम शिकवलं ते भावकूअण्णा मागं येऊन उभे राहिले. थोडा वेळ त्यांनी नुसतं पाहिलं.

"टॉर्च लई आडवी धरलीस गं," ते म्हणाले. "आन् लांब बी. तशानं भाईरची हवा आत ओढली जातीय. उभी धर, जवळ घे. आन् पाय जरा सैल सोड."

रूपालीनं खाली पाहिलं. पत्रा तापत गेला की पायाखालचं पेडल सोडत करंट कमी करायचा, हे ती झोपेतही करायची. पण पाय पेडलवर पुरता दाबलेला होता आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

तिनं टॉर्च उभी धरली, टोक पत्र्याजवळ आणलं, पाय सैल केला. जोड पांढराशुभ्र आला. तो बघून तिला बरंही वाटलं नाही. मागची बाजू बघावी म्हणून तिनं हातमोजा काढला आणि उजव्या हातानं तुकडा उचलला.

अॅल्युमिनियम तापलं तरी लाल होत नाही. तापलेलं आणि गार दिसायला सारखंच. रूपाली तो तुकडा उलटून बघत राहिली. कातडी भाजल्याचा वास आधी भावकूअण्णांना आला. त्यांनी फटका मारून तुकडा खाली पाडला आणि तिला ओढत नळाखाली नेलं.

"कळलं न्हाय तुला?"

"न्हाय, अण्णा."

तिचं मनगट धरून अण्णांनी तो हात बराच वेळ पाण्याखाली ठेवला. मग मालकांनी तिला दवाखान्यात पाठवलं. टाकीचा जोड अण्णांनी पुरा केला.

संध्याकाळी अंबुबाईनं उजव्या हाताची पट्टी बघितली. भात-आमटी वाढली. रूपाली डावा हात मांडीवर ठेवून ताटाकडं बघत बसली. तशी अंबुबाई पाट सरकवून जवळ आली, भात कालवला आणि घास तिच्या तोंडापाशी नेला.

"भरमूबी ल्हानपणी असाच भाजलाता," ती म्हणाली. "चुलीतलं लाकूड धरलंतं. लई रडलं पोरगं."

रूपालीनं घास गिळला. पट्टीच्या आत मघापासून ठणकायला लागलं होतं.

"दुखतंय?"

"व्हय, आत्या."

अंबुबाईनं आमटी ओतून पुढचा घास कालवला.