बेचाळीस हजार एक

लंकाबाईंनी गणपतीला तांदळाची लाखोली बोलली होती. रोज हजार अक्षता वाहायच्या, अखंड दाणे वेचून, एकेक. तांदूळ घोटीहून भाऊ पाठवायचा. बेचाळीस हजार झाल्या आणि एका सकाळी उजवा हात लुळा पडला. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. देवाच्या दयेनं वाचल्या, चालू लागल्या, पण चिमूट काही जुळेना. डाव्या हातानं देवाला वाहायचं नाही. सून उज्वला म्हणाली, मी वाहते तुमच्या नावानं. लंकाबाईंनी हळूच नकाराची मान हलवली. बोललेलं आपणच फेडायचं.

हाताचा व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपिस्ट योगिनीताई सातपूरहून यायच्या. रबरी चेंडू दाबायला लावायच्या. मेलेल्या शिरेला चेंडू काय कळणार, असं लंकाबाईंना वाटायचं.

एका दुपारी नात सृष्टी दहावीचं विज्ञान मोठ्यानं वाचत होती. लंकाबाईंनी कान टवकारले. "काय म्हणालीस? अक्षता?"

"अक्षता नाही गं आजी, अक्षतंतू."

सृष्टीनं हसत आकृती दाखवली. ही चेतापेशी. झाडासारख्या फांद्यांनी ती निरोप घेते आणि या लांब दोऱ्यानं, म्हणजे अक्षतंतूनं, पुढे धाडते. पण दोऱ्याचं टोक पुढच्या पेशीला टेकतच नाही. मधे बारीकशी फट असते.

"मग निरोप पोचतो कसा?"

"टोकाशी रसायन असतं, ते ही पेशी फटीत सोडते. पलीकडची पेशी झेलते."

"म्हणजे अक्षताच की गं. मांडवात आपण नवरानवरीला हात कुठं लावतो? लांबूनच टाकतो."

सृष्टीनं आकृतीतल्या फटीत पेन्सिलीनं एक दाणा काढला.

दुसऱ्या दिवशी लंकाबाईंनी योगिनीताईंना विचारलं, माझ्या मेलेल्या पेशी पुन्हा निरोप धाडतील का? ताई म्हणाल्या, मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण तीच हालचाल रोज केली, तर उरलेल्या पेशी आपसात नव्या वाटा जोडू शकतात.

"मग चेंडू राहू द्या, ताई. तांदूळच घेते."

देवापुढं ताम्हन ठेवलं. पहिले दहा-बारा दिवस दाणे बोटांतून पाटावरच सांडले. सांडलेले त्या मोजत नव्हत्या. उज्वला ते वेचून चिमण्यांना घालायची.

मग एका गुरुवारी अंगठा आणि बोट जुळलं. दाणा ताम्हनात पडला. आवाज इवलासाच, पण स्वयंपाकघरातून उज्वला धावत आली.

"आई, या चालीनं लाख कधी व्हायच्या?"

"तेवढे दिवस देवाजवळ बसायला मिळेल," लंकाबाई म्हणाल्या.

त्यांनी गणपतीला हात जोडले. मग योगिनीताईंचं, सृष्टीचं, उज्वलाचं नाव घेतलं. आणि डोक्यात कुठंतरी अंधारात ज्या कुणी न शिवता एकमेकींवर अक्षता टाकत होत्या, त्यांनाही नमस्कार केला.

पुढचा दाणा उचलण्याआधी त्या पुटपुटल्या, "बेचाळीस हजार एक."