मुकी पट्टी

मी चर्चमधली पायपेटी बोलतेय. बोलतेय म्हणजे खरं तर भांडतेय. गोड ऐकायचं असेल तर पुढच्या बाकावर जाऊन बसा, तिथे सगळे गोडच बोलतात.

एका सुताराने मला घडवलं. पोटात चामड्याचा भाता, वर पितळेचे सूर, खाली दोन पायडल. पायांनी हवा भरायची आणि हातांनी वाजवायचं. आळशी माणसाचं हे काम नव्हे.

मला वाजवायची ती शिंपीणबाई. आठवडाभर शिलाई मशीन आणि रविवारी मी. "पाय तेच, नुसतं कापड बदललं," असं म्हणून हसायची. तिला चारचौघांत प्रार्थना करायला सांगितलं की शब्द फुटत नसत. नवरा गेला त्या आठवड्यातही ती आली, बसली आणि वाजवत राहिली. देवावरचा विश्वास मी फारसा कुणात पाहिला नाही, पण तिच्या पायांत पाहिला.

मग माझी एक पट्टी मुकी झाली. दुरुस्तीवाल्याला तसा सूर कुठे मिळेना. आणि नेमका तोच सूर संध्याकाळच्या गीताच्या तिसऱ्या ओळीत! बाई मंडळीला म्हणाली, "तिथे आपण सगळे श्वास घेऊ या." झालं, सगळे तिथे थांबून श्वास घेऊ लागले. पोरं तसंच शिकली, पोरांची पोरंही. ती खोट आहे हेच लोक विसरून गेले.

पुढे नवे पाळकसाहेब आले. त्यांच्यामागे जावई आणि जावयाच्या काखेत कीबोर्ड. एक बटण दाबलं की ढोल, दुसरं दाबलं की बासरी. पहिल्याच उपासनेत तिसऱ्या ओळीला मंडळी थांबली आणि कीबोर्ड पुढे पळाला. पाळकसाहेब तापले. "इतकी वर्षं चुकीचं गाताय तुम्ही! देवापुढे अर्धवट काही चालायचं नाही."

मला कुलूप लागलं. कोपऱ्यात ढकलून माझ्यावर कुंड्या ठेवल्या. ज्यांच्या लग्नांत नि बाप्तिस्म्यांत मी भाता फुटेस्तोवर वाजले, त्यांतल्या एकानेही तोंड उघडलं नाही. गाताना मात्र यांचे आवाज छप्पर उडवतात.

बाईने अंथरूण धरलं. एके दिवशी तिची लेक पाळकसाहेबांना गाठायला आली. डोळे सुजलेले होते.

"साहेब, आईचं काही खरं नाही. ती एकच मागते आहे. शेवटी पेटी हवी म्हणते."

"पेटीची काळजी करू नकोस बाळ. सुताराला सांगून ठेवलंय मी."

"ती पेटी नाही हो! वाजवायची पेटी. ही."

साहेब चक्क हसले. मग घसा खाकरून म्हणाले, "अगं, बाहेरगावचे पाहुणे येणार. त्यांच्यासमोर ही मुकी पट्टी? जावईबापू वाजवतील की."

"आईने आयुष्य घातलं हो हिच्यावर."

"देव मन बघतो, पेटी नाही."

मग पाहुणे काय बघणार होते, ते त्यांनी सांगितलं नाही.

बाई गेली. सुताराची पेटी वेळेवर आली, बाईला तिच्यात निजवून मधल्या वाटेवर ठेवली. मी कोपऱ्यात कुलूपबंद. संध्याकाळचं गीत सुरू झालं. तिसऱ्या ओळीला निम्मे लोक सवयीने थांबले, निम्मे कीबोर्डमागे फरफटत गेले, आणि गाण्याचा पार विचका झाला. लेक गायलीच नाही, आईच्या पेटीवर हात ठेवून उभी राहिली. माझा भाता रिकामा होता. माणूस असते तर ओरडले असते.

शेवटी पाळकसाहेब तिला म्हणाले, "थोडं मागेपुढे झालं, पण छान झालं."

छान!

गेल्या रविवारी क्षमेवर उपदेश झाला. उपासनेनंतर दारात उभं राहून ते सगळ्यांशी हात मिळवत होते. लेकीची पाळी आली. ती बराच वेळ त्यांच्या हाताकडे बघत राहिली, आणि मग तिने तो हातात घेतला. तिला घ्यावाच लागला. शत्रूला क्षमा करा, ही आज्ञा माणसांना आहे.

मी लाकूड, चामडं आणि पितळ. मला ती लागू नाही.